बाकावर बसलेली इसवण

लग्न ठरवताना मला सासरची सगळी माहिती देण्यात आली होती. मुलगा मुंबईला नोकरीत, घर आरोंद्याला खाडीच्या अंगाला, पलीकडे गोवा, मासे ताजे, माणसं देवभोळी. सासऱ्यांना फुटबॉलचं वेड आहे, एवढं मात्र कोणी सांगितलं नाही. ते मला लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी कळलं. दुपारी ओटीवर कोणीतरी भांडतंय असं वाटून मी बाहेर आले, तर मामंजी एकटेच रेडिओशी भांडत होते. "उजवीकडे दी, मेल्या, उजवीकडे कोण नाय," असं ते त्याला परोपरीनं सांगत होते आणि रेडिओ काही ऐकत नव्हता.

मामंजींची उभी हयात गोव्यात, बंदरावरच्या नोकरीत गेली. तिथे रविवारचा सामना म्हणजे त्यांचा सणवार. निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा गुडघ्यांनीही निवृत्ती घेतली होती. होडीतून खाडी ओलांडायची, पुढे बस, पुढे मैदानाच्या पायऱ्या, हे काही जमेना. टीव्ही अजून आमच्या वाडीत पोचला नव्हता. मग उरला रेडिओ, आणि सोमवारी सकाळी पलीकडून होडीनं येणारा पाववाला. तो पावांबरोबर गोव्याचा पेपर आणायचा आणि पेपरात न छापलेल्या बातम्याही आणायचा.

माझा नवरा गणपतीला आणि मे महिन्यात यायचा. एरवी घरात आम्ही तिघं. मी कणकवलीची, शिक्षकाची मुलगी, बी.ए. बी.एड. आमच्याकडे वडिलांमुळे घरातही शाळेचीच भाषा चालायची. त्यामुळे मी तोंड उघडलं की सासूबाई म्हणायच्या, "लागलो गो रेडिओ." त्यांच्या मनात वाईट नसायचं. पण एका घरात दोन रेडिओ झाले होते आणि त्यातल्या एकाला दुपारभर काही काम नव्हतं, हे खरं. बी.एड. होऊन मी कोकमाची सोलं वाळवत होते. मला त्याचा राग यायचा आणि तो कोणावर काढावा ते कळायचं नाही.

अशाच एका रविवारी मामंजींच्या आवडत्या संघानं सपाटून मार खाल्ला. संघ निवडणाऱ्यांना काडीची अक्कल नाही, हे त्यांनी ओटीवरून सगळ्या माडांना ऐकवलं. "माज्या हातात दिल्यानी आसती टीम, तर दाखवलं आसतंय," ते म्हणाले. मी तांदूळ निवडत होते. सुपातून मान वर न करता म्हटलं, "मग करा ना तुमची टीम. गोव्यातल्या कुठल्याही संघातले हवे ते खेळाडू घ्या. मीही घेते. रविवारी ते तिकडे खेळतील, आपण इकडे गुण मोजू."

मामंजींनी रेडिओ बंद केला. तो रविवारी दुपारी बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

नियम करण्यात आमचे दोन दिवस गेले आणि बी.एड.चं शिक्षण तेव्हा प्रथम कामी आलं. पाळीपाळीनं एकेक खेळाडू उचलायचा. एकानं घेतला तो दुसऱ्याला नाही. असे चौदा चौदा जण घ्यायचे, त्यातले अकरा दर रविवारी खेळवायचे, तिघे बाकावर. गोल मारला की तीन गुण, गोलकीपरनं एकही गोल खाल्ला नाही तर दोन, पेपरनं नाव घेऊन कौतुक केलं तर एक. मैदानाबाहेर काढला गेला तर दोन वजा.

आणखी दोन नियम मामंजींचे. पहिला, एकदा घेतलेला खेळाडू मोसमभर सोडायचा नाही. मी पेपरातले फोटो बघून कोणालाही घेईन आणि मग रडत बसेन, अशी त्यांना खात्री होती. दुसरा, शनिवारी संध्याकाळी देवापुढे दिवा लागायच्या आत अकरा नावं मोठ्यानं सांगायची. दिवा लागला की संघ पक्का, मग त्यात बदल नाही.

नावं सांगायची कोणाला, तर सासूबाईंना. त्यांना लिहायचा कंटाळा, पण स्मरणशक्ती अशी की कुठल्या लग्नात कोणी कुठली साडी दिली हे त्या सालासकट सांगायच्या. अडचण एकच होती. गोव्यातल्या खेळाडूंची ती लांबलचक पोर्तुगीज नावं त्यांच्या जिभेवर बसेनात. पहिल्या शनिवारी त्यांनी चार नावं ऐकली आणि हात वर केला. "ह्या माका जमाचा नाय. तो दिसता कसो, ता सांगा."

आम्ही वर्णन करत गेलो आणि त्या ओट्यावर भाजी चिरता चिरता माशांची नावं ठेवत गेल्या. गोलकीपर दोन्ही हात पसरून उभा असतो, तो झाला कुर्ली, म्हणजे खेकडा. माझा एक बचावपटू सारखा जमिनीवर आडवा पडायचा, तो लेपो, तळाला चपटा पडून असतो तो मासा. काटकुळा होता तो मुडदुसो, आणि ज्याला चेंडू लागला की सगळे त्याच्यापासून दूर पळत, तो शिंगाळो, काटा मारणारा मासा. मामंजींनी सगळ्यात आधी उचललेला होता तो डावखुरा. अख्खा गोवा त्याच्यावर जीव टाकायचा. त्याचा डावा पाय कसा चालतो हे मामंजींनी उठून, गुडघा विसरून करून दाखवलं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्याला आपल्या मते सगळ्यात मोठा मान दिला. "तो इसवण," त्या म्हणाल्या. इसवण म्हणजे सुरमई. गोव्यातला तो आडदांड गडी त्या संध्याकाळपासून आमच्या घरात 'ती' झाला.

मला फुटबॉलमधलं काहीच कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय ते मामंजींनी मला पोळपाट, लाटणं आणि चार पाव घेऊन समजावलं होतं आणि तरी ते मला आजपर्यंत समजलेलं नाही. पण माणसांमधलं थोडं कळत होतं. सोमवारी पाववाला आला की मी त्याला चहा द्यायची आणि विचारायची, "काय नवीन पलीकडे?" त्याला सगळ्या खेळाडूंची घरं माहीत होती. कोणाच्या गावचं फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा, कधी आहे, कोणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, कोण कोचशी भांडून बसलाय, कोणाच्या घरी डुकराचं जेवण आहे. ज्याच्या गावात शनिवारी फेस्त, तो रविवारी काय पळणार? त्याला मी बाकावर बसवायची. ज्याचं नुकतंच लग्न ठरलंय आणि होणारी बायको सामना बघायला येणार आहे, त्याला घ्यायची. मामंजी माझी अकरा नावं ऐकून कपाळाला हात लावायचे. "गो, ह्यो गेल्या तीन म्हयन्यांत चेंडवाक लागूक नाय." मी म्हणायची, "लागेल."

पहिले काही आठवडे मामंजी पुढे होते. इसवण धडाधड गोल करत होती आणि मामंजी सोमवारी पेपर उघडण्याआधीच हसत असायचे.

त्याच सुमारास एक बातमी आली. शेजारच्या गावातल्या हायस्कूलमध्ये जूनपासून मराठी शिकवायला शिक्षक हवा होता. बसनं जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. मी रात्री जेवताना विषय काढला. मामंजी भातावर कढी ओतत म्हणाले, "बघूया." आमच्या घरात 'बघूया' म्हणजे 'नाही' हे मला तोवर कळून चुकलं होतं. कुंपण दुरुस्त करू या का, बघूया. शौचालय बांधू या का, बघूया. नवऱ्याला विचारलं तर त्याचं ठरलेलं उत्तर, बाबांना विचार. मी पुन्हा एकदा विषय काढला, मग आणखी एकदा. तेव्हा मामंजी म्हणाले, "माका काय नाय गो. पण घरात काय कमी आसा? लोक काय म्हणतले?"

मला ती नोकरी हवी होती. किती हवी होती ते त्या वेळी मी कोणाला सांगितलं नाही. बसची खिडकी, खडूचा वास, महिन्याकाठी स्वतःचा पगार आणि मी बोलले की ऐकून लिहून घेणारी पन्नास माणसं. पण रडून मागायचं माझ्या स्वभावात नव्हतं. म्हणून मी मामंजींना त्यांच्याच मैदानात गाठलं.

"मोसम संपेपर्यंत माझी टीम पुढे गेली तर तुम्ही स्वतः मला त्या शाळेत घेऊन जायचं. मागे राहिली तर नोकरीचा विषय कायमचा बंद."

मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. लेपो आणि शिंगाळ्याच्या जिवावर ही आपल्याला हरवणार, याचीच त्यांना गंमत वाटली. "कबूल," ते म्हणाले. सासूबाई विळीवरून उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "मी ऐकलंय हां दोघांचा." म्हणजे आता सुटका नव्हती.

त्यानंतर माझी फेस्तं आणि लग्नं कामाला लागली. लग्न ठरलेल्या त्या पोरानं खरंच गोल मारला. मामंजींचे दोन भरवशाचे गडी एका फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर चालत होते असं पाववाल्यानं डोळ्यांनी पाहिलं. मी हळूहळू जवळ सरकले. मामंजींचं हसणं कमी झालं. मग एका आठवड्यात मी पीठ मळता मळता, गरजेपेक्षा थोडं मोठ्यानं, सासूबाईंना सांगितलं, "त्या इसवणीच्या बहिणीचं शनिवारी लग्न आहे म्हणे. रात्रभर नाचणार सगळे."

मामंजी ओटीवर होते. त्यांनी ऐकलं हे मला पेपर घडी करण्याच्या आवाजावरून कळलं. आता पंचाईत अशी की सुनेच्या गावगप्पांवरून आपला पहिला गडी बाकावर बसवला, असं ते कसं कबूल करणार? त्यांनी मोठा मार्ग निवडला. ते देवीला विचारायला निघाले.

आमच्याकडे देवळात कौल लावतात. गुरव पाषाणाच्या उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमीन, सोयरीक, बैल, ऑपरेशन, सगळं असं विचारून होतं आणि देवीनं सांगितलेलं कोणी मोडत नाही. आम्हीही मागोमाग गेलो. सासूबाई भक्तीनं आणि मी कुतूहलानं.

गुरवासमोर फुटबॉलचं नाव काढायला मामंजी लाजले. घसा खाकरून म्हणाले, "माजो एक माणूस आसा. डाव्या पायान काम करता. तेका कामाक लावचो काय नको, इतक्याच इचारूचा आसा."

गुरवानं हात जोडले आणि आवाज लावला. "बाये, तुजा ह्या लेकरू आज तुज्या दाराक इला आसा. तेच्याकडे एक गडी आसा. गड्याचो डावो पाय चलता, उजव्याचा काय खरा नाय. तेका कामाक लावचो काय नको, ता तुया दाखवून दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघांनी म्हटलं. माझा आवाज हसू दाबताना थोडा फाटला. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात डावी पाकळी टपकन पडली. नको.

त्या रविवारी इसवण बाकावर बसली, आणि तिकडे मैदानावर ती खरंच झोपेत असल्यासारखी खेळली. मामंजींनी देवीला नारळ दिला. पुढच्या शनिवारी त्यांनी ऐटीत नावं सांगायला सुरुवात केली. "इसवण..."

"तेका देवीन नको सांगल्यान ना?" सासूबाई म्हणाल्या.

"ता गेल्या आयतवारापुरता."

"तसा तुमी खंय इचारलात?"

नावं सांगायची तशीच टाकून मामंजी गुरवाकडे गेले आणि परत आले तेव्हा चेहऱ्याचा रंग उतरला होता. गुरवाचं म्हणणं सरळ होतं. प्रश्नात दिवस नव्हता, वार नव्हता. कामाला लावायचा का, एवढंच विचारलं, देवीनं नको म्हटलं. नको म्हणजे नको. आणि तोच प्रश्न घेऊन सारखं सारखं देवीच्या दारात यायचं नसतं. आता शिमगा होऊन गेला की मग बघू. मामंजींनी नाइलाजानं त्याला खरं काय ते सांगितलं. हा गडी खळ्यावरचा नव्हे, फुटबॉलचा. गुरव आधी रागावला. देवीच्या पुढे उभं राहून असं अर्धंमुर्धं बोलतात का, असं त्यानं चांगलंच सुनावलं. मग थोडा वेळ गेल्यावर विचारलं, "बरो खेळता काय?"

आणि असं झालं, की त्या वर्षी गोव्यातला सगळ्यात भारी खेळाडू महिनोन्‌महिने आरोंद्यात बाकावर बसला आणि त्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. तो तिकडे गोल मारत होता. रविवारी एक, कधी दोन. मामंजी सोमवारी पेपर वाचायचे तेव्हा काढा प्यायल्यासारखा चेहरा व्हायचा. सोडून द्यावा तर स्वतःचाच नियम आडवा, सोडायचा नाही. मला विकत मागता येत नव्हता, त्यांना टाकता येत नव्हता. पाववाल्याला त्यात फार गोडी वाटायची. तो सायकल टेकवतानाच ओरडायचा, "इसवणीन काल परत मारल्यान." गुरवही येता-जाता चौकशी करू लागला. "गडी काय म्हणता?"

मी त्यांना दोनदा म्हटलं, अगदी साळसूदपणे, "मामंजी, घाला ना त्याला. घरातल्या घरात आहे. देवी काय रेडिओ ऐकते?" ते म्हणाले, "तू आयकतंस मगे ती आयकाची नाय?" मला त्यांचा अभिमान वाटला. हेही सांगितलं पाहिजे, की मला आनंदही तितकाच झाला. एका मनात दोन्ही मावतात.

पण माणूस खेळाचा खरा जाणकार. इसवणीशिवाय उरलेल्या गड्यांना असं काही उलटंसुलटं करून खेळवलं की मी फार पुढे जाऊ शकले नाही. शिमगा झाला, सोंगं घरोघर नाचून गेली, आणि मोसमाचा शेवटचा रविवार आला तेव्हा मी चार गुणांनी पुढे होते. इसवण खेळती आणि दोन गोल करती तर सहा होते. तिनं त्या महिन्यात एकही रविवार कोरडा घालवला नव्हता.

शनिवारी दुपारी मामंजी धुतलेलं धोतर नेसून देवळात निघाले. मीही गेले. या वेळी प्रश्न नीट विचारला जातो की नाही ते मला बघायचं होतं. गुरवानं काही शिल्लक ठेवलं नाही. उद्याचा दिवस, उद्याचा सामना, मैदान, डावा पाय, सगळं गाऱ्हाण्यात घातलं. "...तेका उद्याच्या एका दिसापुरतो खेळवचो काय नको, ता सांग, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पाकळ्या हलल्या नाहीत.

आम्ही वाट बघितली. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. कोणीतरी दुसऱ्या कामासाठी आलेलं होतं, ते प्रश्न ऐकून तिथेच बसून राहिलं. ऊन पायरीवरून खाली उतरलं. मी डोळे मिटून मनात 'डावी, डावी' म्हणत होते. मग मला लाज वाटली, होऊ घातलेल्या शिक्षिकेनं देवीला असं उत्तर पढवायचं का? म्हणून मी 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हटलं आणि लगेच पुन्हा 'डावी' म्हटलं. पाकळ्या चिकटून बसल्या त्या बसल्याच. "इचार करता हा," गुरव म्हणाला. सूर्य खाडीत टेकायला आला तसे आम्ही घरी निघालो. दिव्याची वेळ कोणासाठी थांबत नाही.

सासूबाई वात हातात घेऊन उभ्या होत्या. मी माझी नावं सांगितली. मामंजींनी दहा सांगितली आणि थांबले. इतके महिने ते देवीच्या एका शब्दावर चालले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती बोलली नाही आणि त्यांना स्वतःच ठरवायचं होतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"मुडदुसो," ते म्हणाले. "तिनं सांगूक नाय, म्हणजे आदलाच खरा."

मुडदुसा त्यांचाच एक गडी, आणि सगळ्या मोसमात त्यानं एक गुण मिळवला होता. सासूबाईंनी दिवा लावला.

रविवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा गुरव धापा टाकत अंगणात आला. "पडली," तो म्हणाला. "उजवी पडली. खेळवूक सांगल्यान देवीन."

"कदी?" मामंजी उठून उभेच राहिले.

"तुमी गेल्यार. देवळातलो दिवो लायलंय, आरत केलंय, आणि वळान बघतंय तर उजवी खाली."

गुरव सज्जन माणूस. वेळ त्यानं चोरली नाही. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी बशी खाली ठेवली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला कळत होतं की आता 'घाला' म्हणणं किती सोपं आहे. मोठ्या मनाची सून झाले असते. वाडीत चार दिवस कौतुक झालं असतं आणि जूनमध्ये मी सोलं वाळवत बसले असते. देवीची भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी भीती त्या 'बघूया'ची होती.

"मामंजी, दिवा लागला होता," मी म्हटलं.

"गो, देवीन सांगल्यान."

"सांगितलं, पण उशिरा सांगितलं. दिव्यानंतर बदल नाही. नियम तुमचा आहे."

गुरवानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. मामंजी सासूबाईंकडे वळले. त्यांचं तेवढं एक कोर्ट उरलं होतं. सासूबाईंनी शांतपणे बशी उचलली. "काल मी बावीस नावां आयकलंय. तेतूर इसवण नाय हुती," त्या म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

दुपारी रेडिओ लागला. गुरव घरी गेला नव्हता, पाववालाही त्या दिवशी पाव नसताना आला. पहिला अर्धा कोरडा गेला. दुसऱ्या अर्ध्यात निवेदकाचा आवाज चढत चढत फाटला आणि डावखुऱ्यानं गोल मारला. मामंजी दोन्ही गुडघे विसरून उडी मारून उठले, गुरवाला मिठी मारली, "सांगलंय ना, सांगलंय ना," म्हणाले, आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. हळूच खाली बसले. शेवटच्या मिनिटांत त्यानं दुसरा मारला. तेव्हा ते उठले नाहीत. माझ्याकडे वळून फक्त म्हणाले, "बघलंस? डावो पाय." त्यात राग नव्हता. आपल्या घरातलं काही दाखवावं तसं त्यांनी ते मला दाखवलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला. बाकीच्यांचं दोघांचं सारखंच आलं होतं. मी चार गुणांनी जिंकले होते. ती सहा गुणांची इसवण बाकावरच राहिली. मामंजी जेवले, पान खाल्लं, झोपायला गेले. पैजेबद्दल चकार शब्द नाही. मी रात्रभर तळमळले. उद्या 'बघूया' म्हणाले तर काय करायचं, याचे मी बी.एड.ला शोभतील असे सात-आठ मुद्दे काढले.

सकाळी मी चुलीपुढे होते. मामंजी बाहेरून म्हणाले, "चल गो. पयली बस चुकात." बघितलं तर अंगात लग्नातला काळा कोट, डोक्यावर टोपी.

शाळा उतारावर होती, कौलारू, समोर मैदान आणि मैदानात एकच गोलपोस्ट. त्याच्याकडे मामंजींनी जाता जाता नापसंतीनं बघितलं. हेडमास्तर वयस्कर गृहस्थ होते. माझी सर्टिफिकेटं त्यांनी नीट वाचली, हस्ताक्षर बघितलं, एक कविता समजावून सांगायला लावली. मग चष्मा काढून, माझ्याऐवजी मामंजींकडे बघत म्हणाले, "शिकवतील छान, त्यात शंका नाही. पण आमची नववी फार दांडगी आहे. गेल्या वर्षीच्या गुरुजींना मुलांनी रडवलं. सूनबाई अंगानं अशा बारीक, बोलणं मऊ. मुलांनी गयावया केली, जरा डोळे मोठे केले, की विरघळतील. यांना आवरेल का?"

मी तोंड उघडत होते. मामंजींनी हात वर करून मला थांबवलं. कचेरीत बोलायची ती शुद्ध भाषा त्यांनी आठवून आठवून काढली.

"मास्तर," ते म्हणाले, "काल सकाळी आमच्या दारात प्रत्यक्ष देवीचा निरोप आला होता. वेळ टळून आला, म्हणून हिनं तो उभ्या उभ्या परत पाठवला. मी सासरा, मी समोर उभा होतो. माझी पण गय केली नाय. तुमची नववी काय घेऊन बसलात?"

हेडमास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे जरा जपून बघितलं आणि जूनची तारीख सांगितली.